प्रत आणि परत

बाणेरहून आलेला मुलगा म्हणाला,
कोट्यवधी ओळी पेलेल असा डेटाबेस घ्या, मॅडम,
दहा सर्व्हरवर पसरतो, आपोआप वाढतो.
मी म्हटलं, आमच्या ओळी तीनशे बारा.
तो हसला.
मग त्याला कळलं की मी हसत नाहीये.

तीनशे बारा माणसं बॉम्बे ब्लड ग्रुपची,
सोलापूरपासून सावंतवाडीपर्यंत विखुरलेली,
आणि त्यांची नावं सोमवार पेठेत, आमच्या रक्तपेढीत,
जिन्याखालच्या खोलीत,
जिथे यूपीएस मधूनच उसासा टाकतो.

मी जुनाच घेतला.
ज्याच्या चुका लोकांना पाठ झाल्यात, असा.
तांबोळी म्हणाले, लग्नालाही हाच नियम लावा.

पुण्यात गुरुवारी लाइट जाणार, हे गृहीत धरलं.
एक प्रत शेजारच्या यंत्रावर,
एक तांबोळींच्या कपाटात, डिस्कवर, कुलपात,
एक नदीपलीकडे, कोथरूडला, उंचावर.
हा आग्रह मोकाशी डॉक्टरांचा.
एकसष्टच्या पुरात त्या सात वर्षांच्या होत्या.
भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर होती
ते अजून हात वर करून दाखवतात,
दर वर्षी थोडा खाली.
खांदा दुखतो त्यांचा. पाणी काही उतरलेलं नाही.

रोज रात्री दोनला बॅकअप.
रोज सकाळी हिरवा टिपका.
आठ महिने मी त्या टिपक्याकडे बघून चहा घेतला.

मग एका गुरुवारी लाइट आली ती जरा जोरातच आली.
डिस्क गेली.
मी घाबरले नाही. घाबरायचं काय, तीन प्रती होत्या.
पहिली उघडली. शून्य बाइट.
कपाटातली, शून्य.
कोथरूडची, उंचावरची, कोरडी ठणठणीत,
शून्य.
ऑक्टोबरात कुणीतरी पासवर्ड बदलला होता.
कुणीतरी म्हणजे मीच.
तेव्हापासून रोज रात्री दोनला
‘काहीच नाही’ची
अगदी नेमाने तीन ठिकाणी नक्कल होत होती.

मधला र जोडला की प्रत, सोडवला की परत.
शाळेत जोडाक्षरं गिरवताना
कुणी सांगितलं नव्हतं की एवढ्यात नोकरी जाऊ शकते.
प्रत झोपेतही निघते.
परत आणून बघितली नाही तोवर
तिला प्रत म्हणू नये,
नवस म्हणावं.

माझ्या लॅपटॉपवर सप्टेंबरची एक अर्धवट यादी निघाली,
बाकीची तांबोळींच्या डोक्यातून,
जुन्या पाकिटांवरच्या पत्त्यांतून.
मग फोन.
नमस्कार, तुमचा रक्तगट आमच्याकडून हरवलाय.
बार्शीच्या बाई म्हणाल्या,
माझ्यापाशीच आहे की, कुठं जातोय?
मिरजेचा एक जण दहा मिनिटं बोलला, त्यातली नऊ शिव्या,
शेवटी पिनकोडसकट सगळं नीट सांगितलं.

पौडच्या कोंढऱ्यांचा फोन बायकोने घेतला.
ते मार्चमध्ये गेले.
माझं बोट कळांवर थांबलं.
शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही,
नल म्हणजे माहीतच नाही,
आणि कोंढरे यातले काहीच नव्हते.
धाकट्या दिरांचाही तोच गट आहे, घ्या लिहून, त्या म्हणाल्या.
पण ह्यांचं नाव काढू नका.
काढलं नाही. एक रकाना वाढवला, तारखेचा.
तो कोंढऱ्यांपुढे भरलाय, बाकी सगळ्यांपुढे नल,
आणि आयुष्यात पहिल्यांदा मला नल बरा वाटला.

आता दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
रिकाम्या यंत्रावर मी सगळं परत आणते
आणि मोजते.
हिरवा टिपका कागदाने झाकून ठेवलाय.
दिरांना धरून तीनशे दहा.
म्हणजे जुन्यांतले तीन अजून सापडायचेत.
त्यांची नावं मला ठाऊक नाहीत,
म्हणून शोधताही येत नाहीत.
कुठेतरी चहा पीत असतील ते,
पाकिटात आमचं जुनं कार्ड,
सोमवार पेठेत आपली नोंद आहे
या भरवशावर.